शिक्क्यावरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या पेठेत ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा होते. सुताराच्या घरी रंधा आणि करवत, शेजारच्या चपलावाल्यांकडे रापी, समोरच्या हॉटेलात झाऱ्याला हार. आमच्या पाटावर मांडलं जायचं ते असं: एक पक्कड, सोल्डरगन, काळ्या केबलचं एक वेटोळं, ॲम्प्लिफायरचा पत्र्याचा डबा आणि प्लास्टिकच्या फायलीतून काढलेला एक कागद. डिश गच्चीवर असायची. तिला खाली आणता येत नसे, म्हणून झेंडूचा हार घेऊन मीच जिना चढायचे.

तो कागद म्हणजे केबलवाल्याच्या नोंदणीचा दाखला. मोठ्या पोस्टातून मिळालेला. त्याचीही पूजा करायची हे ठरवलं कुणी, ते आता आठवत नाही, पण करायची मी. पक्कडीला मुठीवर कुंकू लावता येतं, डब्याला झाकणावर. कागदाला कुठं लावायचं? मला वाटलं, शिक्का हेच त्याचं कपाळ. म्हणून दर वर्षी हळदीकुंकवाचं बोट मी शिक्क्यावर टेकवत आले. त्या बोटानं मला काय दिवस दाखवले, ते सांगायला बसले आहे.

माझे यजमान आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. नव्वदच्या सुमारास गच्चीवर छत्रीएवढी नव्हे, चांगली लग्नातल्या मोठ्या परातीच्या चौपट अशी जाळीची डिश बसली, आणि बघता बघता आमच्या घरातून निघालेल्या वायरी शे-दीडशे घरांत गेल्या. परवानगी कुणाची म्हणाल तर ज्याच्या गच्चीवरून वायर जायची त्याची. त्याला कनेक्शन फुकट. नारळाच्या झाडाला, पाण्याच्या टाकीला, एकदा तर तालमीच्या झेंड्याच्या काठीलाही वायर बांधलेली मी बघितली आहे. सरकार या प्रकरणात कुठंच नव्हतं, आणि आमचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

मग कायदा आला. केबलवाल्यांनी पोस्टात नाव नोंदवायचं. चहाच्या हॉटेलात गावातल्या सगळ्या केबलवाल्यांची बैठक झाली आणि सगळे पोट धरून हसले. टीव्हीचं पोस्टात काय काम? उद्या दूधवाल्याला म्हणतील रेल्वे स्टेशनात नोंद कर. हसून झाल्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, की एकदा नाव दिलं की सरकार घरात शिरतं आणि मग निघत नाही. यजमान घरी येऊन हेच सांगायला लागले.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायची, तेव्हा पलंगावर बसून रेडिओ पुसत होते. मूळचे कोडोलीचे, शेती भावाकडे सोडून तरुणपणी कोल्हापुरात आलेले. बोलायचे कमी, आणि बोलले की पेठेच्या टोकाला ऐकू जायचं.

"त्यात हसायसारखं काय हाय?" ते म्हणाले. "रेडिओचं लायसन पोस्टातच मिळायचं की. वहीत तिकिटं चिकटवून द्यायचे. मग ह्याचं पोस्टात न्हाय तर काय तालमीत मिळणार व्हय?"

आणि खरंच, उठून त्यांनी ट्रंकेतनं ती वही काढली. आतलं एकेक तिकीट जागेवर, प्रत्येकावर पोस्टाचा गोल शिक्का. एक वर्ष चुकलेलं नाही. रेडिओच्या लायसनचा कायदा कधीचाच गेला होता, पण वही ट्रंकेत.

यजमान म्हणाले, "आबा, ते दिवस वायलं हुतं. आता नाव दिलं की मागनं काय काय येतंय बघा."

"येऊ दे की. चोरून करायचं आसंल तर माझ्या गच्चीवर न्हाय. उतरीव ती डिश."

घर मामांचं. गच्ची मामांची. यजमानांनी तोंड पाडलं आणि अर्ज भरायचं काम, नेहमीप्रमाणे, माझ्या गळ्यात घातलं. मी बारावी झालेली आणि माझं अक्षर बरं होतं, एवढाच माझा गुन्हा.

पोस्टात गेले तर खिडकीतल्या कारकुनांनी तो फॉर्म माझ्याइतकाच पहिल्यांदा बघितलेला. चष्मा वर करून, खाली करून त्यांनी तो दोनदा वाचला. माझ्यामागं मनिऑर्डरवाल्यांची रांग, त्यातले दोघं ओरडायला लागलेले. शेवटी त्यांनी कोरं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं.

"ताई, तुमचं अक्षर चांगलं हाय. आत या, स्टुलावर बसा आनि तुम्हीच लिवा. मी सही करतो."

मी आत गेले. पहिल्या पानावर आडव्या रेघा मारल्या, रकाने पाडले आणि आमची नोंद केली. तेवढ्यात आणखी दोघं केबलवाले आले. बैठकीत सगळ्यात मोठ्यांदा हसलेले तेच. मला बघून दचकले. त्यांचीही नावं मीच लिहिली. एकानं मला पोस्टातली बाई समजून दाखला लवकर द्या म्हणून विनवलंही. तासभर मी सरकारी नोकरी केली, बिनपगारी, आणि खोटं कशाला सांगू, मला ती आवडली.

दाखला आला. मोठा शिक्का, त्याच्या खाली मोकळी जागा. दर वर्षी मुदत संपायच्या आत पोस्टात जायचं आणि त्या मोकळ्या जागेत एक लहान गोल शिक्का मारून आणायचा. मुदत श्रावणात संपायची. आणखी एक अट होती: सरकारी वाहिनी दाखवलीच पाहिजे, आणि ती स्वच्छ दिसली पाहिजे. यजमानांना हे जाचक वाटायचं, कारण लोकांना पाहिजे असायचे सिनेमे आणि क्रिकेट. मामांना मात्र ही अट सरकारनं आपल्यासाठीच घातली असं वाटायचं. संध्याकाळी सातच्या बातम्यांना ते खुर्ची ओढून बसायचे आणि चित्र जरा हललं की आतून हाक यायची, "आज खरखर हाय. वर जाऊन बघ." तपासणीला अधिकारी एकदाच आले. मामा रोज तपासायचे.

अशी सात-आठ वर्षं गेली. शिक्का मारून आणायचं काम माझं. श्रावण लागला की फाईल घ्यायची, पोस्टात जायचं, येताना देवीला जाऊन यायचं. विसरायचं काही कारणच नव्हतं.

आणि मी विसरले.

त्या वर्षी मामांचा दमा बळावला होता. पावसाळा असला, की पन्हाळा महिनाभर दिसला नाही. डॉक्टरांनी त्यांना उंबऱ्याबाहेर पडायचं नाही असं बजावलं होतं. तरी एका दुपारी मी शेजारी गेलेली असताना ते बाहेर गेले, आणि रिक्षातून परत आले ते ओलेचिंब. हातात पिशवी, पिशवीच्या तोंडाशी पोस्टकार्डांचा गठ्ठा. मला असा राग आला, की मी सून आहे हेही विसरले.

"मामा, पोस्टकार्डं मी आणली नसती का? कुणाला एवढी घाईघाईनं पत्रं घालायची आहेत?"

"घ्यायची हुती गं," एवढंच म्हणाले आणि अंथरुणावर आडवे झाले. मी टॉवेलानं डोकं पुसलं, चहा दिला, आणि पुटपुटत राहिले.

भाद्रपदात मामा गेले. त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. पक्कड कपाटात राहिली, फाईलही. पोस्टाची आठवण मला झाली ती पुढच्या श्रावणात, फाईल हातात घेतल्यावर.  गेल्या वर्षी आपण गेलोच नाही.

पोस्टात गेले तेव्हा जुने कारकून बदलून गेले होते. नव्या माणसानं वर न बघता शिक्का मारला, माझी सही न घेताच रजिस्टरात नोंद केली आणि कागद परत दिला. मी तो बघितला नाही. शिक्के मोजायची हिंमत झाली नाही. फाईल बंद केली आणि देवीला न जाता सरळ घरी आले. यजमानांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. बाप जाऊन वर्ष झालेल्या माणसाला काय सांगायचं, की तुझ्या धंद्याच्या कागदाला मी भोक पाडून ठेवलंय?

त्या खंडेनवमीला कुंकवाचं बोट मी मोठ्या शिक्क्यावर टेकवलं, आणि मग खालच्या लहान शिक्क्यांवरूनही फिरवलं. जरा जास्तच फिरवलं. ती भक्ती होती का भीती, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढं दर वर्षी फिरवत राहिले, आणि पोस्टातला तो माणूसही वर न बघता शिक्का मारत राहिला.

काही वर्षं कुणी कागद विचारला नाही. मग दोन हजारचं दशक निम्म्याच्या पुढं गेलं आणि नवीन हूल उठली: टीव्ही आता टेलिफोनच्या वायरीतून येणार. इंटरनेटवरून. डिश नको, गच्चीवरच्या वायरी नकोत, केबलवाला तर नकोच. एक दिवस गळ्यात टाय बांधलेले एक गृहस्थ आमच्या दारात आले. गोड बोलले. त्यांची कंपनी पेठेतल्या सगळ्या लाइनी ताब्यात घेणार होती, आणि यजमानांना ते त्याच लाइनींवर लाइनमन म्हणून ठेवायला तयार होते. युनिफॉर्मही देणार म्हणाले.

"परवाना काय तुम्हा लोकांना मिळायचा नाही," ते जाता जाता म्हणाले. "असल्या गोष्टींना सरकार कोट्यवधींचं भांडवल मागतं."

यजमान पन्नाशीला आलेले. वीस वर्षं त्यांनी ती एकेक वायर स्वतः ओढलेली, कुठल्या घराच्या पागोळीखाली जोड आहे हे डोळे मिटून सांगतील. आता तीच वायर दुसऱ्याची होणार आणि हे तिच्यावर युनिफॉर्म घालून चढणार. त्यांनी जेवताना बोलणं सोडलं. मी कालवणात मुद्दाम मीठ जास्त घालून बघितलं. काही म्हणाले नाहीत. तेव्हा मी खरी घाबरले.

त्यांच्या मनात दुसरंच होतं. शेजारच्या पेठेतले दोन केबलवाले आणि हे, असे तिघं मिळून एका इंटरनेटवाल्याला बरोबर घ्यायचं आणि आपल्याच वायरीतून हा नवा टीव्ही द्यायचा. पण तो द्यायचा अधिकार कुणाला, हे सरकारनं ठरवलंच नव्हतं. टेलिफोनवाले म्हणत होते आमचा, केबलवाले म्हणत होते आमचा. दिल्लीत कागदपत्रं इकडून तिकडं फिरत होती आणि आमच्या घरात जेवण गप्प होत होतं.

मग एका सकाळी यजमान पेपर घेऊन थेट स्वयंपाकघरात आले. चपला काढायचंही भान नव्हतं. बातमी आतल्या पानावर, चार बोटांची. टेलिफोनवाल्यांना आणि इंटरनेटवाल्यांना अमुक परवाना पाहिजे, तमुक भांडवल पाहिजे, आणि शेवटच्या ओळीत असं, की नोंदणी असलेल्या केबलवाल्यांना हा टीव्ही द्यायला वेगळी परवानगी लागणार नाही.

"वेगळी परवानगी न्हाय," त्यांनी तीनदा वाचलं. "नोंदणी हाय म्हटल्यावर झालं. अगं, आपली हाय की."

महिन्यानं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी चहा मागून घेतला आणि कमी गोड म्हणून नावंही ठेवली. मला इतकं बरं वाटलं, की मी साखरेचा डबाच समोर ठेवला. जाचक वाटणारा तो पोस्टाचा कागद आज आम्हाला आत घेणारा उंबरा होऊन बसला होता. ज्यांनी तेव्हा हसून नाव दिलं नाही, ते आता दारात उभं राहून टायवाल्यांची वाट बघत होते.

पण आनंद दोनच दिवस टिकला. इंटरनेटवाल्यानं करार करायच्या आधी दाखल्याची नक्कल मागितली, आणि सुरुवातीपासून नोंदणी एक वर्षही खंडित नाही, हे दाखवा म्हणाला. यजमानांनी फाईल उघडली. मोठा शिक्का लाल. नोंदणीचा क्रमांक शिक्क्याला चिकटून होता, तोही लाल. खालचे सगळे गोल शिक्के मिळून एक पिवळा-तांबडा लगदा झालेला, वर एक तांदूळ.

मी म्हटलं, "पूजेचं आहे ते."

त्यांनी नखानं जरा खरवडून बघितलं.  ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. "उद्या पोस्टात जाते," मी म्हटलं. "तिथं रजिस्टर आहे."

"तू ऱ्हाऊ दे, मी जातो," ते जरा घाईनंच म्हणाले.

"तुम्हाला काय सापडणार? ते मी लिहिलंय." मला त्यांना त्या रजिस्टरपाशी जाऊ द्यायचंच नव्हतं. आधी मला एकटीला ते भोक बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले. आता तिथं संगणक आले होते आणि खिडकीत एक कडक बाई होत्या. त्यांनी क्रमांक विचारला. मी कागद पुढं केला. त्यांनी तो उजेडात धरला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं, मग परत कागदाकडे.

"हे काय केलंय?"

"खंडेनवमीला पूजा करतो आम्ही."

"शिक्क्याची?"

मी मान खाली घातली. मग त्यांनाच हसू फुटलं. त्यांचे वडील एस.टी.त कंडक्टर होते म्हणाल्या, आई त्यांच्या तिकिटाच्या पेटीला कुंकू लावायची. मग त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळानं कापडी पाठीचं एक जाड रजिस्टर घेऊन आल्या. वाळवीनं एक कोपरा खाल्लेला.

पहिलं पान उघडलं आणि माझंच अक्षर. रेघा जरा तिरक्या गेलेल्या. आमचं नाव, पेठ, गच्चीचा पत्ता, आणि खाली त्या दोघांची नावं, तीही माझ्याच हातची. प्रत्येक नावापुढं वर्षागणिक रकाना, रकान्यात नूतनीकरणाची तारीख आणि येणाऱ्याची सही. पहिली सात-आठ वर्षं माझी सही. मी बोट सरकवत गेले. ते वर्ष जवळ आलं तसं बोट थांबायला लागलं. मनात म्हटलं, आता कोरा रकाना येणार आणि ह्या बाईंचं हसू जाणार.

रकाना कोरा नव्हता.

तारीख होती, श्रावणातली, मुदतीच्या आतली. आणि सहीच्या जागी लांबलचक, कलती, एकाला एक गुंफलेली अक्षरं.

"हे काय गिरगटलंय कुणी?" बाईंनी विचारलं.

"मोडी आहे," मी म्हटलं. "माझ्या सासऱ्यांची सही."

 बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. मी बाकावर जाऊन बसले आणि पदर तोंडाला लावून रडले, पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. सहा-सात वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी मी झोपेत असताना उचलून नेला होता, आणि मी उगीच त्याच्या ओझ्यानं वाकून चालत होते. मामा गेले होते पोस्टात. भर पावसात, दम लागत असताना, फाईल कपाटातून काढून. शिक्का मारून आणून फाईल परत जागेवर ठेवली, आणि एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र त्या शिक्क्यावर न बघता कुंकू फासत बसले.

बाईंनी रजिस्टरच्या त्या पानाची नक्कल दिली, खाली सही आणि नवा कोरा शिक्का. देताना म्हणाल्या, "ह्याला लांबनं नमस्कार करा."

घरी आले तर यजमान दारातच उभे. मी नक्कल त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं: ते वर्ष मी विसरले होते, पुढच्या वर्षी गप्प बसले, कुंकू मुद्दाम फासलं. एका दमात सांगितलं, म्हणजे मधे थांबायला नको.

ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "मला म्हाईत हुतं त्या वर्षी तू गेली न्हाईस ते. मला वाटलं राहिलंच हाय. तुला लागंल म्हणून बोललो न्हाय."

"म्हणून काल मला जाऊ देत नव्हतात?"

"व्हय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एवढी वर्षं एका छपराखाली दोघंही तेच भोक लपवत होतो, ते माझ्यापासून आणि मी त्यांच्यापासून, आणि ते भोक नव्हतंच. मी हसायला लागले ती थांबेना. यजमान मात्र मोडी सहीच्या नकलेवर बोट ठेवून उभे होते. "आबांनी दोघांस्नी वळखलं हुतं," ते म्हणाले.

करार झाला. इंटरनेटच्या टीव्हीनं आमच्या पेठेत फार दिवे लावले असं नाही. चित्र मधेच थांबायचं आणि लोकांना जुनी केबलच बरी वाटायची. पण वायर आमची राहिली आणि युनिफॉर्म कुणी घातला नाही. मला तेवढंच पाहिजे होतं.

नक्कल आणली त्या रात्री जेवण झाल्यावर मी मामांची ट्रंक उघडली होती. रेडिओच्या लायसनची वही वरच होती. तिच्याखाली त्या पावसात आणलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा, ओल लागून कडा वाकलेल्या. ते गेले तेव्हाही तो मला सापडला होता, सगळी कार्डं कोरी. तेव्हा मला फार हळहळ वाटली होती, की मामांना कुणाकुणाला लिहायचं होतं आणि ते राहूनच गेलं.

त्यांना कुणालाच लिहायचं नव्हतं. पिशवीत त्या कार्डांखाली आमची फाईल असणार.